‘द कॉन्ज्युरिंग’ आणि हॅरिसव्हिलचं ते घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोलीत आम्ही आठ-दहाजण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, सिनेमा पाहतो आणि मग उशिरापर्यंत बोलत बसतो. आषाढातल्या बैठकीला आम्ही ‘द कॉन्ज्युरिंग’ लावला. बाहेर पाऊस कोसळत होता, मध्येच दोनदा लाइट गेली, आणि घरी जाताना कुणीही एकटं गेलं नाही. त्या रात्रीपासून मला प्रश्न येताहेत. काही तिथेच विचारले गेले, काही दुसऱ्या दिवशी फोनवर, काही माझ्या वर्गातल्या मुलांकडून. तेच इथे उत्तरांसकट मांडते आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण शेवटाबद्दलही मी मोकळेपणाने लिहिलं आहे.

सिनेमा नेमका कशावर आहे?

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात हॅरिसव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या शेतघरात १९७१ साली पेरॉन कुटुंब राहायला येतं. आई कॅरोलिन, वडील रॉजर आणि पाच मुली. घड्याळं थांबतात, दारं आपटतात, आईच्या अंगावर काळेनिळे डाग उमटतात. मग भुताखेतांचा शोध घेणारं एड आणि लोरेन वॉरन हे दांपत्य येतं. दिग्दर्शक जेम्स वान, साल २०१३. सुमारे २ कोटी डॉलरमध्ये केलेल्या या सिनेमाने जगभरात ३१ कोटी डॉलरच्या वर कमाई केली.

हे सगळं खरंच घडलं का?

घर खरं आहे, १७३६ च्या सुमाराचं. कुटुंब खरं आहे. वॉरन दांपत्यही खरं. घरात आपल्याला काय काय दिसलं, ऐकू आलं हे त्या मुली आजही सांगतात. थोरली अँड्रिया हिने त्यावर तीन खंडांचं पुस्तक लिहिलं, पहिला खंड २०११ मध्ये आला. त्या मुली खोटं बोलतात असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसं वाटतही नाही. लहानपणी ज्या घरात भीती वाटली ती भीती खरीच असते.

सिनेमाची कथा मात्र बरीचशी रचलेली आहे. पडद्यावर सगळं काही थोड्या काळात घडून जातं. प्रत्यक्षात पेरॉन कुटुंब त्या घरात जवळजवळ दहा वर्षं राहिलं आणि १९८० मध्ये तिथून निघालं. सिनेमाच्या शेवटी एड वॉरन स्वतः भूत उतरवतो, आई शुद्धीवर येते, सकाळचं ऊन पडतं. अँड्रियाच्या सांगण्याप्रमाणे असं काही झालंच नाही. वॉरन मंडळींनी मृतात्म्यांना बोलावण्याची एक बैठक घेतली, त्यात आईची अवस्था इतकी वाईट झाली की वडिलांनी वॉरन दांपत्याला घराबाहेर काढलं. त्यानंतरही कुटुंब अनेक वर्षं तिथेच राहिलं.

जत्रेच्या नाटकांची सवय असलेल्यांना ‘आधारित’ हा शब्द समजावून सांगावा लागू नये. पुराणातली एक ओळ घेऊन आपले नाटककार तीन अंक उभे करतात, नारदाला नवे संवाद देतात, आणि आपण ते आवडीने बघतो. फरक एवढाच की पुराणातल्या माणसांचे नातेवाईक प्रेक्षकांत बसलेले नसतात.

एवढं होत असताना त्यांनी घर का सोडलं नाही?

हा प्रश्न बायकांनी सगळ्यात जास्त विचारला. उत्तर पैशाचं आहे. सगळी पुंजी त्या घरात आणि भोवतालच्या जमिनीत अडकली होती, आणि सात माणसांना दुसरीकडे हलवायला पैसा लागतो. सिनेमात रॉजर हेच एका वाक्यात सांगून जातो. मला तो सिनेमातला सगळ्यात खरा क्षण वाटला.

आपल्याकडे घर सोडता येत नाही याचं कारण बहुधा उलटं असतं. घर इतक्या जणांचं असतं की कुणा एकाला काही करताच येत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसाहक्कात मुलामुलींना सारखा वाटा, मग त्यांच्या मुलांना, मग नातवंडांना. एक वारस मुंबईला, एक लिस्बनला, एक आखातात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा खटला, कोर्टात पडून. तोवर दाराला कुलूप आणि अंगणात रान. ते पाहून रस्त्यावरून जाणारा म्हणतो, इथे नक्की काहीतरी आहे. इथे असते ती वर्षानुवर्षं अडकलेली एक फाइल.

बॅथशीबा ही चेटकीण खरी होती का?

या प्रश्नासाठीच मी हे लिहायला घेतलं.

सिनेमात सांगतात की बॅथशीबाने आपल्या तान्ह्या बाळाचा सैतानाला बळी दिला, १८६३ मध्ये झाडाला गळफास घेतला आणि मरताना त्या जमिनीला शाप दिला. बॅथशीबा शर्मन नावाची बाई खरोखर होऊन गेली. तिचा जन्म १८१२ चा, मृत्यू १८८५ चा. म्हणजे ती सत्तरी ओलांडून, म्हातारपणी गेली. पेरॉन कुटुंबाच्या घरात ती राहतही नव्हती, तिचं शेत शेजारी होतं. तिने मूल मारलं, चेटूक केलं किंवा गळफास घेतला याचा कागदोपत्री कसलाही पुरावा नाही. गावात तिच्याविषयी कुजबुज होती असं म्हणतात. कुठल्या गावात एखाद्या म्हातारीविषयी ती नसते?

सिनेमा आल्यावर काय झालं? हॅरिसव्हिलच्या दफनभूमीत तिचं थडगं आहे. लोक ते शोधत तिथे जाऊ लागले, आणि त्या दगडाची तोडफोड झाली. मेल्यावर सव्वाशेहून जास्त वर्षांनी एका शेतकरी बाईचा दगड फुटला, कारण पडद्यावरच्या राक्षसिणीला तिचं नाव दिलं होतं. दुसरं कुठलंही नाव ठेवलं असतं तर सिनेमा कणभरही कमी भीतिदायक झाला नसता. हे आठवलं की मला त्या सिनेमाचा राग येतो. तो आवडतो, तरीही येतो.

पडद्यावर बॅथशीबा झाला तो जोसेफ बिशारा नावाचा पुरुष, आणि सिनेमाचं पार्श्वसंगीतही त्याचंच. आमच्या बैठकीत हे ऐकून सगळे चकित झाले.

वॉरन दांपत्य कोण? त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

एड आणि लोरेन यांनी १९५२ मध्ये भुतांचा शोध घेणारी संस्था काढली आणि आयुष्यभर तेच केलं. एड २००६ मध्ये गेले, लोरेन २०१९ मध्ये. सिनेमात लोरेन बाईंचं ओझरतं दर्शनही आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या संशयवादी मंडळींनी त्यांचे पुरावे तपासले, तेव्हा टिकेल असं काही हाती लागलं नाही. माझं मत विचाराल तर त्यांची श्रद्धा खरी असावी, पण घाबरलेल्या घरात शिरून भीतीला नाव आणि चेहरा देणं ही फार जोखमीची गोष्ट आहे. वर सांगितलेली ती बैठक आठवा.

सिनेमाच्या सुरुवातीला दिसणारी ती बाहुली, अॅनाबेल?

मूळ बाहुली कापडी आहे, लाल लोकरीच्या केसांची, गोड चेहऱ्याची. सिनेमातली भेसूर बाहुली मुद्दाम घडवलेली.

रक्त फारसं नाही, मारामारी नाही, मग एवढी भीती कशी वाटते?

अमेरिकेत या सिनेमाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. तेही निव्वळ भीतीमुळे, असं दिग्दर्शकाने सांगितलं आहे.

एक प्रसंग घ्या. रात्री झोपेत पाच मुलींपैकी क्रिस्टीनचा पाय कुणीतरी ओढतं. ती खाटेखाली वाकून बघते, काही नाही. मग तिची नजर दाराकडे जाते. दाराच्या मागे, कोपऱ्यात, काळोख आहे. ती थिजते. बहीण जागी होते, विचारते काय झालं. क्रिस्टीन कुजबुजते की दाराआड कुणीतरी उभं आहे, आपल्याकडे बघतंय. बहीण उठून तिथे जाऊन उभी राहते, म्हणते, इथे कुणीच नाही. कॅमेरा त्या काळोखावर थांबतो आणि आपण डोळे ताणून त्यात आकार शोधत राहतो. दिग्दर्शक काहीच दाखवत नाही. आमच्याकडे त्या वेळी एकीच्या हातातला चहा थंड झाला होता आणि तिला कळलंही नव्हतं.

दुसरी युक्ती टाळ्यांची. मुली डोळे बांधून लपाछपी खेळतात, शोधणारीने सांगितलं की लपलेल्याने टाळी वाजवायची. खेळ साधा, आपणही खेळलोय असा. मग एकदा कपाटातून टाळी येते, आणि तिथे लपलेलं कुणी नसतं. पुढे तळघराच्या जिन्यावर काडीच्या उजेडात आईच्या कानाशी पुन्हा टाळी वाजते. घरातल्या मायेच्या आवाजालाच त्यांनी भीतीचा आवाज केला आहे. आणि हे सगळं लागू पडतं, कारण सुरुवातीला सामान हलवण्याच्या दिवशी कॅमेरा एका दमात घरभर फिरवून आणलेला असतो. कुठली खोली कुठे, जिना कुठे, हे आपल्याला पाठ झालेलं असतं, त्यामुळे नंतर अंधारातही आपण त्या घरातच असतो.

घड्याळं ३ वाजून ७ मिनिटांनीच का थांबतात?

सिनेमात बॅथशीबाच्या मृत्यूची ती वेळ सांगितली आहे. तिच्या मृत्यूची कथाच रचलेली असल्यामुळे वेळही रचलेली. आमच्या घरातल्या थांबलेल्या घड्याळाबद्दल पुढे लिहिलं आहे.

एड वॉरन पाद्री नव्हता. मग त्याला भूत उतरवण्याचा अधिकार होता का?

हे आमच्या बैठकीतल्या ख्रिस्ती मैत्रिणीने लगेच हेरलं. कॅथलिक नियमांप्रमाणे तो विधी फक्त पाद्रीने करायचा, तोही बिशपची स्पष्ट परवानगी घेऊन. परवानगी यायला उशीर होतो म्हणून एड स्वतःच सुरू करतो, ही सिनेमाने घेतलेली सूट आहे.

आपला देवचार आणि हे भूत एकच का?

नाही, आणि या दोन गोष्टी एकत्र करू नयेत असं मला मनापासून वाटतं. देवचार, राखणदार हा गावाच्या सीमेचा. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, पेटती चूड. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो अशा गोष्टी आमच्या सत्तरी तालुक्यात घरोघरी ऐकू येतात. माझे वडील कुळागराचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचं, काम सुरू करण्याआधी त्याला नारळ ठेवत, गाऱ्हाणं घालत. तिथे धाक होता, पण करारासारखा. त्याचं त्याला द्यायचं, आपलं आपण करायचं. सिनेमातल्या भुताला कुटुंब उद्ध्वस्त करायचं असतं. राखणदाराला कुटुंब राखायचं असतं. तुमचा विश्वास असो वा नसो, आजीने सांगितलेली गोष्ट आणि परदेशी सिनेमा यांची भेसळ केली की आजीचीच गोष्ट हरवते.

जुन्या घरात रात्री खरंच आवाज येतात. ते काय?

येतात. मीही ऐकले आहेत. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे रात्री थंड होताना आकसतात आणि टक्‌ टक्‌ वाजतात. कौलांवरून कुणीतरी धावल्यासारखं वाटतं तो बहुतेक वेळा कांडेचोर, म्हणजे उदमांजर असतो, माळ्यावर त्याचं बिऱ्हाडच असतं. पोटमाळ्यातून लांबलचक फुसकारा ऐकू आला तर गव्हाणी घुबडाची पिल्लं असू शकतात, ती भुकेली असली की तसाच आवाज काढतात. पावसात फुगलेलं दार दहा माणसांना उघडत नाही आणि मग उन्हात आपोआप करकरतं.

झोपेतून जाग यावी, डोळे उघडे असावेत, पण हातपाय हलू नयेत आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटावं, हाही अनुभव अनेकांचा आहे. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मेंदू आधी जागा झाला आणि शरीर मागे राहिलं की असं होतं. काही क्षणांत सुटतं.

आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या एका नेत्रतज्ज्ञाने एका झपाटलेल्या घराची हकिकत छापली होती. पावलांचे आवाज, डोकेदुखी, खोलीत माणसं दिसणं. कारण निघालं बिघडलेली भट्टी. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. आपल्याकडे भट्टी नसते, पण चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, लाइट गेली की जनरेटर मागच्या पडवीत ओढून दार लावून घेणारे असतात. आमच्याच घरात एका वर्षी दोन मुलांची डोकी भणभणू लागली आणि एकजण भोवळ येऊन बसला. जनरेटर अंगणात, दारं-खिडक्यांपासून दूर ठेवा.

गोव्यात अशी झपाटलेली घरं कुठे आहेत?

नावं मी देणार नाही. का, ते सांगते.

आमचं मूळ घर सत्तरीत आहे. चिऱ्याच्या भिंती, मध्ये राजांगण, मागे विहीर. वर्षातले अकरा महिने त्याला कुलूप असतं. तीन वर्षांपूर्वी दोन मुलं रात्री मागच्या पडवीवरून आत उतरली आणि त्यांनी व्हिडिओ केला. या घरातल्या बाईने विहिरीत जीव दिला, असं त्यात सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाभोवती लाल वर्तुळ काढून लिहिलं, ‘वेळ थांबली आहे’.

ती बाई म्हणजे माझी थोरली काकी. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी दम्याने इस्पितळात गेली, आम्ही सगळे भोवती होतो. त्या विहिरीचं पाणी तिने अर्ध्या गावाला दिलं, उन्हाळ्यात दोर स्वतः बदलायची. घड्याळाला दर रविवारी काका किल्ली द्यायचे. स्टुलावर चढायचे, काच उघडायची, आधी डावीकडची किल्ली, मग उजवीकडची, आणि पंचाच्या टोकाने काच पुसायची. काका गेले, काकी मुलाकडे गेली, घड्याळ सव्वाचारला थांबलं. किल्ली अजून त्याच्या तळाशी, तेलकट फडक्यात गुंडाळलेली आहे.

मुलं चढली तिथली कौलं फुटली होती. आम्हाला कळलं ते चवथीच्या आदल्या दिवशी दार उघडलं तेव्हा. संपूर्ण पावसाळाभर पाणी आत येत राहिलं होतं. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधतो त्याच्यावरचा फणसाचा वासा कुजून बोट आत जाईल इतका मऊ झाला होता. त्या वर्षी माटोळी सोप्यात बांधली. शेजारची मुलं काकीच्या अनंताची फुलं न्यायला यायची, ती यायची बंद झाली.

बॅथशीबाचा फुटलेला दगड मला तेव्हा समजला.

पण आम्हाला रात्री जाऊन शूटिंग करायचंच आहे. कुठे जावं?

बंद घरात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, दार मोडकं असलं तरी. वारसांपैकी कुणालातरी शोधा आणि विचारा, गावात कुणीही पत्ता सांगेल. कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवरचं तीन राजांचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, इंटरनेटवर भुताचं म्हणून फिरतं. तिथे ६ जानेवारीला फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव असतो, आसपासच्या तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यांवरून टेकडी चढतात. जायचंच असेल तर त्या दिवशी जा, सकाळी.

हॅरिसव्हिलचं मूळ घर आज आहे का? सिनेमा तिथेच केला का?

घर उभं आहे. सिनेमा तिथे झालेला नाही, तो नॉर्थ कॅरोलायना राज्यात केला आणि घराचा आतला भाग स्टुडिओत उभारला. मूळ घरात तेव्हा पेरॉन कुटुंबानंतर आलेले लोक शांतपणे राहत होते. सिनेमानंतर रात्रीबेरात्री अनोळखी माणसं अंगणात शिरू लागली, आणि २०१५ मध्ये त्यांनी निर्मिती कंपनीवर दावा लावला. पुढे घर विकलं गेलं. २०२२ मध्ये त्याला १५ लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

मुलांना दाखवावा का?

लहानांना नाही. माझ्या नववीच्या वर्गातल्या दोघांनी मोबाइलवर चोरून पाहिला आणि आठवडाभर आईजवळ झोपले.

पुढचे भाग पाहावेत का?

दुसरा (२०१६) लंडनच्या एनफिल्ड भागातल्या १९७७ च्या प्रकरणावर आहे, चांगला आहे. तिसरा (२०२१) एका खून खटल्यावर, माझं मन रमलं नाही. पहिल्याची सर कुणालाच नाही.

पाहिल्यापासून झोप लागत नाही. काय करू?

दिवा लावून झोपा, त्यात लाज कसली? आणि चित्रीकरणाच्या पडद्यामागच्या चित्रफिती पाहा. बॅथशीबाच्या वेशातला माणूस दोन प्रसंगांच्या मध्ये निवांत बसलेला दिसला की मनावरचा ताण उतरतो.

तुमचं सत्तरीचं घर पाहता येईल का?

हो. चवथीला या, दिवसा. आदल्या दिवशी माटोळीची फळं बांधायला हात कमीच पडतात. वासा आम्ही बदलून घेतला आहे. घड्याळाला या वर्षी माझा भाचा किल्ली देणार आहे, आधी डावीकडची.